पावलीचे शिक्षण: शेगाव आणि वऱ्हाडातील टाळकरी

टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर अभंग म्हणत ओळीने टाकायच्या पावलांच्या रचनेला वारकरी संप्रदायात पावली म्हणतात; ती भजनाचेच अंग मानली जात असल्यामुळे ती खेळणाऱ्याला नर्तक न म्हणता टाळकरी म्हटले जाते. बुलढाणा जिल्ह्यात या परंपरेचे मोठे केंद्र शेगाव होय. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी तेथे प्रकट झाले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली आणि पुढे संस्थानाची पालखी आषाढीसाठी पायी पंढरपुरास जाऊ लागली, तेव्हा एका शिस्तीत चालणाऱ्या टाळकऱ्यांचा वस्तुपाठ वऱ्हाडातील गावांना घराजवळच मिळाला.

या शिस्तीचा पाया अर्थातच जुना आहे. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखीची प्रथा घातली आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीसोबतच्या दिंड्यांना, म्हणजे पताका, टाळ, मृदंग व वीणा घेऊन चालणाऱ्या पथकांना, क्रम लावून दिला. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यावर कीर्तन-प्रवचनाला शाळा लाभली. पावलीची शाळा मात्र मुख्यतः दिंडी हीच राहिली.

नवशिक्याची सुरुवात हातापासून होते. टाळ म्हणजे दोरीत ओवलेल्या काशाच्या दोन वाट्या. त्या एकमेकींवर पूर्ण दाबल्या तर नाद कोंडतो आणि कडेला कड लागली तर तो मोकळा होतो, हे कानाला समजेपर्यंत पाय जागचे हलवायचे नसतात. आठ मात्रांचा भजनी ठेका हातात बसला की समोरासमोरच्या दोन ओळींत उभे राहून एकदम पुढे येणे, एकदम मागे सरणे, गिरकी घेणे आणि खाली बसून उठणे अशी पावले येतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावलेल्या कणकेमुळे जो खर्जाचा घुमारा निघतो, त्यावर पायाचा आघात पडावा लागतो. लय चढली की चुकलेले एकच पाऊल साऱ्या ओळीला जाणवते, म्हणून शेजारच्या जाणत्या टाळकऱ्याचे पाऊल पाहत शिकणे हाच खरा मार्ग ठरतो.

स्कॉटलंडच्या ग्रामीण समूहनृत्यातही अशाच समोरासमोरच्या ओळी असतात. ते मागे पडू लागलेले पाहून जीन मिलिगन आणि यझोबेल स्ट्यूअर्ट यांनी १९२३ साली ग्लासगोत संस्था स्थापली आणि तिने जुन्या रचना पुस्तकांतून छापून शिकवल्या. वऱ्हाडात पावलीला अशा पुस्तकाची गरज भासली नाही, कारण आषाढी दरवर्षी येते आणि नव्या टाळकऱ्याला जुन्याच्या शेजारी उभे करते. शेगाव संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग आणि वीणा देत आले आहे, त्याचे मोल यासाठीच मोठे आहे: ज्या गावात टाळ असतो, त्या गावात पावली शिकणारे पुढचे पाऊलही तयार होत असते.