कंत्राटी अग्निशमन कर्मचारी : पाळी, ओव्हरटाइम आणि थकीत रकमेची मागणी

थोडक्यात
व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 तसेच वेतन संहिता, 2019 या दोन्ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहेत. दिवसाचे काम 8 तासांचे आणि आठवड्याचे कमाल 6 दिवसांचे असते. त्यापुढील कामासाठी कामगाराची संमती आणि दुप्पट दराने वेतन आवश्यक आहे.

कोणाला लागू?
• सरकारी कंपन्यांतील कंत्राटी फायरमन.
• सरकारी कार्यालयात कंत्राटदारामार्फत नेमलेले कामगार. (2020 ची संहिता एरवी या कार्यालयांना लागू नाही.)
• पर्यवेक्षक पदावर दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत.
• महापालिकेच्या कायम जवानांच्या पाळ्या प्रामुख्याने त्यांच्या सेवानियमांनुसार ठरतात. नियमांची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

हिशोब कसा करावा?
समजा, तासाचा दर 100 रुपये आहे आणि पाळी 12 तासांची झाली. पहिल्या 8 तासांचे 800 रुपये व पुढील 4 तासांचे दुप्पट दराने 800 रुपये, असे एकूण 1,600 रुपये होतात. हातात 1,200 रुपये पडले असतील, तर 400 रुपये येणे बाकी आहे.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले तर?
त्या महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत तितक्याच बदली सुट्ट्या मिळतात.

आपण काय जपून ठेवावे?
• वेतनचिठ्ठी. ती देणे मालकावर बंधनकारक आहे.
• पाळीपत्रक व हजेरीची प्रत किंवा फोटो.
• वर्दीवर गेल्याची व परतल्याची वेळ.
• सहकाऱ्याशी पाळी अदलाबदल केल्यास त्याची लेखी नोंद. नोंद नसेल तर जादा तास सिद्ध करणे कठीण जाते.

पैसे मिळाले नाहीत तर?
1. कंत्राटदाराकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी.
2. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. त्यामुळे अर्जाची प्रत त्या आस्थापनेलाही द्यावी.
3. तरीही रक्कम न मिळाल्यास वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे 3 वर्षांच्या आत दावा करावा. केंद्र सरकारच्या कंपनीत असल्यास केंद्रीय कामगार आयुक्तांच्या, अन्यथा राज्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करावी.

प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या 10 पटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. दावा कामगार स्वतः किंवा संघटनेमार्फत करू शकतो.