खुजिस्ता बुनियाद

आमच्या शहराला आजवर किती नावं मिळाली, हे इथला शाळकरी पोरगाही सांगेल. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, त्याच्या मुलाच्या काळातलं फतेहनगर, शाहजादा औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावरचं औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.

एक नाव मात्र सहसा सांगायचं राहून जातं. अठराव्या शतकातल्या मोगल नाण्यांवर इथल्या टांकसाळीचं नाव म्हणून 'खुजिस्ता बुनियाद' असे शब्द आढळतात. खुजिस्ता म्हणजे शुभ, बुनियाद म्हणजे पाया. मी कित्येक वर्षं त्याचा अर्थ 'शुभ पाया' असा लावत आलो, एका कवितेत तसा वापरूनही बसलो. ती चूक होती.

फारसीत 'शुभ पाया' म्हणायचं तर विशेषण साधारणपणे नामानंतर येतं : 'बुनियाद-ए-खुजिस्ता'. इथे क्रम उलटा आहे आणि मधला जोडणारा 'ए' नाही. म्हणजे हा समास. तोही शाळेत आपण घोकलेला बहुव्रीही! नीलकंठ म्हणजे निळा गळा नव्हे, तो गळा ज्याचा आहे तो शंकर. तसंच हे : शुभ आहे पाया ज्याचा, ते शहर. शहर शब्दात कुठेच नाही, ते बाहेर उभं आहे.

असे फारसी समास आपण रोज बोलतो. कमजोर, बदनाम. 'खुशाल' हाही मुळात खुश आणि हाल. लॅटिनमध्ये मॅग्नस म्हणजे मोठा आणि अ‍ॅनिमस म्हणजे मन. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा. गंमत अशी, की अ‍ॅनिमस हे पुल्लिंगी नाम, पण समासात शिरलं की विशेषण होतं आणि बाईबद्दल बोलताना 'मॅग्नॅनिमा' असं रूप घेतं. आपल्या 'महात्मा'चा घाट हाच. एकाच भाषाकुळातली ही चुलत भावंडं, चेहरेपट्टी जुळणारच.

हैदराबादलाही 'फर्खुंदा बुनियाद' म्हणत, अर्थ जवळजवळ तोच. हे कळल्यावर मी थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू?

पण इथला पाया कोणाचा? हबशी गुलाम म्हणून विकला गेलेल्या आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंजलेल्या मलिक अंबरचा. नाण्यावर हे शब्द घालणाऱ्याच्या मनात अर्थात औरंगजेबच असणार. समासात मात्र पाया घालणाऱ्याचं नाव नाही.

माझ्या कवितेतली ती ओळ अजून तशीच आहे. दुरुस्त करायला गेलं की मात्रा बिघडतात.