खारीचा वाटा किती? रत्नागिरीच्या आगरातील एका जुन्या हिशेबाचा इतिहास

१/ मराठीत ‘खारीचा वाटा’ म्हणजे लहानसा, पण मनापासून उचललेला भार. रत्नागिरीच्या माडाखाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र या शब्दांचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो. सकाळी झाडाच्या बुंध्याशी कुरतडून पडलेली कोवळी फळे दिसतात, तो खारीने घेतलेला वाटा. आजचा धागा या दुसऱ्या वाट्याचा आहे. उपद्रवी ठरवलेल्या प्राण्याचे काय करावे, या प्रश्नाला या एकाच जिल्ह्यात निरनिराळ्या काळांत निरनिराळी उत्तरे मिळाली. त्यांतले एक उत्तर फार महागात पडले.

२/ आरंभ कथेपासून करू. सेतू बांधला जात असताना खार वाळूत लोळली, अंगाला चिकटलेली वाळू तिने सेतूवर झटकली आणि रामाने मायेने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली. तेच तिचे पट्टे. हा प्रसंग वाल्मीकिरामायणाच्या मूळ कथानकात येत नाही, तो पुढच्या भक्तिपरंपरेतला आणि लोककथेतला आहे. परंतु ज्या प्राण्याच्या पाठीवर देवाची बोटे उमटली आहेत असे लहानपणी ऐकले, त्याच्यावर दगड उचलताना हात थोडा अडखळतोच.

३/ शास्त्राने या खारीला नाव दिले तेही झाडावरूनच. लिनियसने १७६६ साली तिची नोंद ‘पामारम’ या नावाने केली. अर्थ सरळ आहे : ताडमाडांची. सह्याद्रीच्या जंगलातला तिचा थोरला भाऊबंद म्हणजे शेकरू. कर्नल साइक्सने १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या शेकरूला त्याने मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. आज शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

४/ माडावरचा तिसरा भागीदार फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे झाडाच्या शेंड्यात राहणारा उंदीर. मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेने १९११ साली सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. देशभरातून गोळा झालेल्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांत मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त झालेले रॉटन होते. पुढे १९१९ साली हिंटन यांनी माडावरच्या या उंदराच्या उपजातीला त्यांचेच नाव दिले.

५/ हा तपशील वरवर संग्रहालयातला वाटतो, पण आगरात त्याला फार किंमत आहे. खार दिवसा वावरते, चिरचिरते, सर्वांना दिसते. उंदीर रात्री काम उरकतो. देठाजवळ गोल भोक पडलेले कोवळे फळ सकाळी खाली सापडते, त्याच वेळी शेजारच्या झावळीवर खार शेपटी उडवीत बसलेली असते आणि आरोप तिच्यावर जातो. उपद्रवाच्या इतिहासात ही चूक पुन्हा पुन्हा भेटते : जो दिसतो तोच गुन्हेगार ठरतो.

६/ आता जुन्या व्यवस्थेकडे वळू. कोकणातले झाड ही कुटुंबाची दीर्घ मुदतीची ठेव होती. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी रचलेल्या ‘आज्ञापत्रा’त, आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबे-फणसाची झाडे तिला राजी करून, मोबदला देऊनच घ्यावीत असे बजावले आहे. झाड दोन-चार वर्षांत होत नाही, लोकांनी ते लेकरासारखे वाढवलेले असते, हे त्यामागचे कारण. अशा झाडाच्या फळाला दात लागला, तर ते नुकसान घरातल्या प्रत्येकाला कळणारच.

७/ मग त्या काळी खारींचा बंदोबस्त कोण करी? कुणी एक माणूस नव्हे, सगळी वहिवाटच तो करी. आगर घराला लागून असे. खळ्यात माणसे, परसात भांडी घासणारे हात, गडग्यावर मुले, दाराशी कुत्रा, माळ्यावर मांजर. ठरावीक काळाने नारळ उतरवायला माणूस माडावर चढे, आणि त्याच फेरीत शेंडा साफ होई, वाळल्या झावळ्या आणि जुनी घरटी खाली येत. हातात गोफण असे, नाहीतर वाजवायला रिकामा डबा. खारी नाहीशा होत नसत, पण त्यांना निवांतपणाही मिळत नसे.

८/ ‘राखण’ हा कोकणातला शब्द इथे आठवावा. राखण म्हणजे पिकावरची नजर, आणि राखण म्हणजे जागेच्या राखणदार देवाला दिलेला वार्षिक मानही. दोन्ही अर्थांत एक समजूत समान आहे : ही जागा केवळ आपली नाही, आणि तिच्याकडे सतत पाहावे लागते. थोडा वाटा जाणार हे त्यात गृहीत धरलेले होते. तो किती जावा, यासाठी सारी खटपट चाले.

९/ एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश प्रशासनाने वेगळे उत्तर आणले : मारा आणि बक्षीस घ्या. वाघ, बिबटे, लांडगे आणि विषारी साप यांच्यासाठी ठिकठिकाणी इनामे होती. रत्नागिरीत या धोरणाचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो खारीवर नव्हे, फुरशावर. कातळावर, दगडांच्या फटींत, गवताच्या भाऱ्यात आढळणारा हा छोटा विषारी साप. त्याच्या दंशाने माणसे दगावत होती, म्हणून बक्षीस लावण्यामागची कळकळ खरी होती.

१०/ मुलकी सेवेतले अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी या मोहिमेचे आकडे नोंदवले आहेत. सहा वर्षे, दर वर्षी सरासरी सव्वादोन लाखांहून अधिक फुरशी एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात मारली गेली. म्हणजे एकूण तेरा लाखांच्या पुढे. हा आकडा वाचून वाटेल की साप संपलाच असेल. आज रत्नागिरीच्या कोणत्याही कातळावर राहणाऱ्याला विचारा. फुरसे आहे, आणि अजूनही भरपूर आहे.

११/ इथे एक लोकप्रिय गोष्ट बाजूला ठेवायला हवी. दिल्लीत इंग्रजांनी नागांवर बक्षीस लावले, तर लोकांनी नाग पाळायला सुरुवात केली, ही कथा तुम्ही शंभरदा वाचली असेल. जर्मन अर्थतज्ज्ञ होर्स्ट झीबर्ट यांच्या २००१ सालच्या पुस्तकामुळे तिला ‘कोब्रा इफेक्ट’ हे नाव मिळाले. तिच्यामागे समकालीन कागदांचा भक्कम आधार नाही. रत्नागिरीची फुरशी मात्र सरकारी मोजणीतली आहेत. सुरस कथेसाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही, नोंदलेला इतिहास आपल्या कातळावर आहे.

१२/ हेच उत्तर खारीवर वापरून पाहिले ते ब्रिटनने. १८७६ साली चेशर परगण्यातल्या हेनबरी पार्कमध्ये अमेरिकेतल्या करड्या खारी हौसेने सोडल्या गेल्या. पुढे इतरांनीही तेच केले. या खारींनी झाडांच्या साली सोलल्या, तांबड्या देशी खारीला मागे रेटले. १९३७ साली त्या आणण्यावर आणि बाळगण्यावर बंदी आली. १९५३ पासून सरकार एका शेपटीमागे एक शिलिंग देऊ लागले. लाखो शेपट्या जमा झाल्या. १९५८ साली योजना गुंडाळण्यात आली. करडी खार आजही तिथे आहे.

१३/ दोन खंड, दोन प्राणी आणि निकाल एकच. असे का व्हावे? पहिले कारण, बक्षीस मेलेल्या जिवांचे मोजमाप करते, वाचलेल्या फळांचे किंवा माणसांचे नव्हे. दुसरे, जिथे प्राणी विपुल तिथेच तो सहज सापडतो, त्यामुळे मारणाऱ्याचे पाय तिकडे वळतात आणि जिथे खरे नुकसान होते ती जागा तशीच राहते. तिसरे, खाणे आणि आसरा कायम असेल तर रिकामी झालेली जागा भरते. आपल्या खारीचा गर्भकाळ साधारण पाच आठवड्यांचा, आणि एका वेळी दोन-तीन पिले.

१४/ स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीला तिसरे उत्तर मिळाले, आणि ते शहराला लागूनच असलेल्या भाट्ये गावाच्या वाळूत वाढले. तिथले नारळ संशोधन केंद्र १९५५ चे. पुढे १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ उभे राहिले. नारळशास्त्राने माडावर चढणाऱ्या कुरतडखोरांसाठी सांगितलेला उपाय अगदी साधा आहे : खोडाभोवती, माणसाच्या डोक्याच्या वर, गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा. नखांना पकड मिळत नाही, प्राणी परत फिरतो.

१५/ पण पट्ट्याला एक अट आहे. शेजारच्या माडांच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतील, तर खार खोडावरून कशाला येईल? ती वरच्या वरच एका झाडावरून दुसऱ्यावर जाईल. म्हणून दोन माडांत साडेसात मीटर, म्हणजे सुमारे पंचवीस फूट अंतर ठेवण्याची शिफारस इथेही कामाला येते. लागवड करताना दाटी केली, की पुढची कित्येक वर्षे पत्रा व्यर्थ. बंदोबस्ताचा निर्णय रोप लावण्याच्या दिवशीच होतो.

१६/ कायद्याचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती. कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर ही नावे तीत होती. खार तीत नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. शेकरूला कायद्याचे संरक्षण आहेच. त्यामुळे घराजवळचा कोणताही वन्य जीव पकडण्याआधी किंवा मारण्याआधी वनखात्याला विचारणे हे शिष्टाचाराचे नव्हे, कायद्याचे काम आहे.

१७/ मग आजच तक्रारी का वाढल्याशा वाटतात? १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले. फळ वाढले, पण पाहणारे डोळे घटले. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, कारण कमावते पुरुष मुंबईला. बंद घराच्या आगरात राखण कोण करणार?

१८/ माझ्या मते या धाग्याचा गाभा इथे आहे. खार, वानर, माकड यांच्या संख्येवर आपण भांडतो. पण जुन्या व्यवस्थेत प्राण्यांना आवर घालणारी गोष्ट म्हणजे माणसाची नित्य हालचाल, आणि ती चाकरमान्यांच्या गाडीबरोबर निघून गेली. माडावर चढणारा माणूस मिळेनासा झाला तेव्हा नुसते नारळ उतरवणे लांबले नाही, शेंड्याची साफसफाईही थांबली. उपद्रव वाढला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात आपल्या गैरहजेरीचाही हिशेब असतो.

१९/ नाचणे किंवा कुवारबावसारख्या, शहराला चिकटून वाढलेल्या वस्तीत प्रश्नाचे रूप थोडे निराळे. कौलांखाली कापसाचे घरटे, पाण्याच्या टाकीवरच्या पाइपला दात, वायर कुरतडलेली. इथेही इतिहासाचा धडा लागू पडतो. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. पडलेली फळे रोज उचलावीत. फटी जाळीने बंद कराव्यात, पण आत पिले नाहीत याची खात्री करूनच. ती असतील, तर सुमारे दोन महिने थांबावे. आत कोंडलेल्या पिलांसाठी आई उरलेले छप्परही उकरते.

२०/ आणि विष? ते खारीपाशी थांबत नाही. विष खाल्लेला उंदीर किंवा खार घुबडाच्या आणि मांजराच्या पोटात जाते, म्हणजे आपलेच फुकटचे राखणदार आपण गमावतो. धामणीचीही तीच कथा. उंदीर खाणारा हा बिनविषारी साप भीतीपोटी ठेचला जातो. फुरशाच्या मोहिमेला दीडशे वर्षे होत आली, तरी साप दिसला की काठी उचलण्याची सवय गेलेली नाही.

२१/ तीन काळ, तीन उत्तरे. वहिवाटीचे आगर नुकसान आटोक्यात ठेवी आणि थोडा वाटा सोडून देई. बक्षिसाच्या मोहिमेने मेलेल्यांची मोजणी केली आणि मूळ प्रश्न जागच्या जागी ठेवला. भाट्यासारख्या संशोधनाने वाट अडवली आणि जीव राखला. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरांत दीर्घ अंतर आहे, तरी दोघांची वृत्ती एकच : प्राण्याकडे पाहण्याआधी झाडाकडे आणि घराकडे पाहा.

२२/ पुढच्या वेळी कुणी ‘खारीचा वाटा’ म्हणाले, की तो किती, हेही विचारून पाहा. सकाळी माडाखाली पडलेली फळे आठवडाभर मोजा, त्यांतली दिवसा पडलेली किती आणि रात्री पडलेली किती ते लिहून ठेवा. गुन्हेगार कोण आणि नुकसान खरोखर केवढे, हे त्या वहीत दिसेल. मोजणी पाहून मगच पत्रा आणायचा की नाही ते ठरवा. वाटा अगदीच थोडका निघाला, तर जुन्या आगरकऱ्याप्रमाणे तो सोडून देण्यात कमीपणा नाही.