मूत्राशयाचा दाब मोजला कोणी?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयही. भोवती कारखाने. लाइनवर बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, तिथे ‘लघवी लागली की आवरतच नाही’ ही तक्रार नोकरीपर्यंत जाते. लोक मात्र ती वर्षानुवर्षं डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

या तक्रारीच्या तळाशी अनेकदा मूत्राशयाच्या भिंतीतला डिट्रुसर स्नायू असतो. लघवी साठत असताना त्याने सैल राहायचं. तो मध्येच आवळतो. ते आवळणं टिपण्याची एक जुनी खटपट इटलीतली. आंजेलो मोसो आणि पेलाकानी यांनी 1882 मध्ये कुत्र्यांवरचे आणि स्त्रियांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नुसत्या स्पर्शानं, बोलण्यानंही मूत्राशय आकसतं, हे त्यांना दिसलं. 1927 मध्ये अमेरिकेत डी. के. रोज यांनी दाब मोजणारं यंत्र दवाखान्यात आणलं.

पुढची अडचण मजेशीर होती. रुग्ण खोकला तरी दाब चढतो; मग स्नायू आवळला की पोट, हे ठरवायचं कसं? म्हणून आजच्या युरोडायनॅमिक तपासणीत एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदमार्गात. दुसरीचा दाब पहिलीतून वजा केला की उरतो तो डिट्रुसरचा. तपासणी संकोचाची आहे खरी, पण दुसरी नळी उगाच नसते.

1970 च्या दशकात आंतरराष्ट्रीय कंटिनन्स सोसायटीनं असं आवळणं बिघाड मानायला 15 सेंटिमीटर पाण्याइतका दाब ही सीमा धरली होती. ती माणसांनी आखलेली. 2002 च्या परिभाषेत उरली नाही. आता दाबाच्या आलेखाचा आकार पाहतात: भरताना उठणाऱ्या लाटा, किंवा मूत्राशय भरत आल्यावर येणारं एकच न रोखता येणारं आवळणं, ज्यात बहुधा सगळं रिकामं होतं. लाट निरोगी माणसातही दिसू शकते. म्हणून ती उठली त्या क्षणी रुग्णाला घाई झाली का, हे तंत्रज्ञानं विचारून नोंदवलं नसेल, तर तपासणीचा तो कागद माझ्या मते अर्धाच.

साध्या घाईच्या लघवीत तर सुरुवातीला ही तपासणी लागतही नाही. लघवीची नोंदवही, वेळ वाढवत नेण्याचा सराव आणि औषधं आधी. मज्जारज्जूच्या आजारात मात्र ही तपासणी टाळू नये. मूत्ररोगतज्ज्ञ मॅकग्वायर यांनी 1981 मध्ये पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेली मुलं तपासली. लघवी गळायला 40 सेंटिमीटर पाण्याहून जास्त दाब लागणाऱ्या मुलांच्या मूत्रपिंडांना इजेचा धोका मोठा होता, आणि यांतल्या पुष्कळांना घाईची जाणीवच नसते.