पाया राहिला, कळस चढला

आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची (एएनसी) स्थापना ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ पक्ष दरवर्षी ८ जानेवारीला निवेदन काढून वर्षभराची कामे जाहीर करतो. १९९४ मध्ये सत्ता हाती आल्यापासून त्या कामांत दोन गोष्टी सतत असतात: वंशद्वेष निपटून काढणे आणि अर्थव्यवस्था वाढवणे. चर्चेत मात्र ही दोन निराळी खाती होऊन बसतात. पहिल्याच्या वाट्याला कायदे, न्यायालये आणि निषेधाचे ठराव येतात, दुसऱ्याच्या वाट्याला गुंतवणूक, तूट आणि विकासदर. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास पाहिला तर ही फोड टिकत नाही. तिथे वंशभेद हीच शंभर वर्षे अर्थव्यवस्था होती. एएनसीने यापैकी एखाद्या कामाकडे पाठ फिरवली, असा आरोप मी करणार नाही. तिने क्रम चुकवला, असे माझे म्हणणे आहे. आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा तिच्या शत्रूंच्या इतिहासात सापडतो.

१८८६ मध्ये विटवॉटर्सरँडच्या टेकड्यांत सोने सापडले. सोने भरपूर होते, पण खोलवर आणि हलक्या प्रतीच्या दगडात विखुरलेले. दर टनामागे हाती थोडेच लागत असल्याने आणि सोन्याचा भाव जगाच्या बाजारात ठरत असल्याने खाणमालकांना नफ्यासाठी एकच खर्च दाबता येत होता, मजुरीचा. शेती करून पोट भरणारा माणूस आपण होऊन खाणीत उतरत नाही. त्याला उतरवण्यासाठी कायदे झाले. केप वसाहतीत १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने मजुरीसाठी बाहेर न पडणाऱ्या पुरुषांवर दहा शिलिंगांचा कर बसवला. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातली सुमारे सात टक्के जमीन कृष्णवर्णीयांसाठी राखून बाकीच्या बहुतेक जमिनीत त्यांना खरेदीची बंदी केली. १९३६ मध्ये हा वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास नेण्याचे ठरले. कुटुंब गावी, पुरुष खाणीच्या आवारातल्या बराकीत, आणि हालचालीवर पासचा पहारा. फ्रान्सिस विल्सन यांनी सोन्याच्या खाणींतल्या मजुरीचा १९११ ते १९६९ असा हिशेब मांडला आहे. महागाई वजा करता कृष्णवर्णीय खाणकामगाराची मजुरी या अठ्ठावन्न वर्षांत वाढलीच नव्हती. गोऱ्या आणि काळ्या कामगाराच्या मिळकतीतले अंतर मात्र सुमारे बारा पटींवरून वीस पटींवर गेले. जातिव्यवस्था ही श्रमांची नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. मराठी वाचकाला विटवॉटर्सरँडच्या खाणी समजायला याहून जवळची किल्ली नाही. तिरस्कार तिथे होताच. पण तो या व्यवस्थेच्या आधाराने वाढला आणि तिचे समर्थन करत राहिला.

याच काळात देशात दुसरीही एक गरिबी होती, आणि तिची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. शेतीतून उखडलेले, डच वंशाचे हजारो आफ्रिकानर शहरांच्या कडेला येऊन पडले होते. कार्नेगी आयोगाने १९३२ मध्ये पाच खंडांचा अहवाल दिला. देशातल्या अठरा लाख गोऱ्यांपैकी सुमारे तीन लाख अतिशय गरीब आहेत, असा त्याचा अंदाज होता. या माणसांना वर काढण्यासाठी राज्यकर्त्यांनी काय केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. १९२४ मध्ये हर्टझोग यांचे सरकार आले आणि ‘सुसंस्कृत मजुरी’ असे गोंडस नाव देऊन सरकारी खात्यांत गोऱ्यांची भरती सुरू झाली. रेल्वेच्या अकुशल कामगारांत गोऱ्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. १९३३ पर्यंत ते चाळिशीच्या जवळ पोहोचले. १९२८ मध्ये इस्कॉर हा सरकारी पोलाद कारखाना स्थापन झाला, तिथेही हेच धोरण राहिले. गोऱ्या मुलांच्या शाळांवर, वसतिगृहांवर आणि कारागिरीच्या शिक्षणावर पैसा ओतला गेला. १९३४ मध्ये किंबर्लीला गरीब गोऱ्यांच्या प्रश्नावर परिषद भरली; तिच्या आखणीत स्टेलेनबॉशचा एक तरुण समाजशास्त्राचा प्राध्यापक पुढे होता. हेन्ड्रिक फरवूर्ट त्याचे नाव. गरिबीतून माणूस शाळेच्या आणि पगाराच्या वाटेने बाहेर येतो, हे त्याला नेमके ठाऊक होते. म्हणूनच मंत्री झाल्यावर १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने त्याने कृष्णवर्णीय मुलांची ती वाट हिशेबीपणे बंद केली. पुढे एका गोऱ्या विद्यार्थ्यावरचा सरकारी खर्च काळ्या विद्यार्थ्याच्या दहापटीहून अधिक झाला. कळून-सवरून केलेले हे पाप आहे, आणि त्याची फळे आजही त्या देशात पिकत आहेत.

आफ्रिकानरांच्या हाती मोठे भांडवल आले ते या पायरीनंतर. सानलाम ही विमा कंपनी १९१८ ची आणि फोक्सकास ही बँक १९३४ ची. शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, रेल्वे कामगारांच्या छोट्या बचती तिथे गोळा होत होत्या. १९३९ मध्ये ब्लूमफाँटेनला आर्थिक परिषद घेऊन या बचतीचे उद्योगात रूपांतर करण्याची योजना ठरली. खाणधंदा तेव्हाही इंग्रजी भांडवलाच्या मुठीत होता. १९६० च्या दशकात अँग्लो अमेरिकन या बलाढ्य कंपनीने जनरल मायनिंग ही खाणकंपनी आफ्रिकानर गटाच्या हाती जाऊ दिली आणि त्या दारातून त्यांचा मोठ्या भांडवलात प्रवेश झाला. म्हणजे आधी पगार, शाळा, घर, मग बचत, मग बँक आणि शेवटी खाणीची मालकी. कळस चाळीस वर्षांनी चढला, कारण तो पेलणारा पाया आधी घातला होता.

आता एएनसीकडे वळू. १९५५ च्या स्वातंत्र्य-सनदेत खनिजे, बँका आणि मक्तेदार उद्योग जनतेच्या मालकीचे करण्याची मागणी होती, आणि १९९० मध्ये तुरुंगातून सुटलेले मंडेला तीच भाषा बोलत होते. १९९२ च्या दावोस भेटीनंतर ती भाषा मागे पडली. १९९४ चा पुनर्रचना आणि विकास कार्यक्रम मात्र पायाभरणीचाच होता: पाच वर्षांत दहा लाख घरे आणि तीस टक्के शेतजमिनीचे फेरवाटप. त्याचे स्वतंत्र कार्यालय दोन वर्षांतच गुंडाळले गेले. जून १९९६ मध्ये ‘गिअर’ हे नवे आर्थिक धोरण आले. तूट कमी करायची, बाजार मोकळा करायचा. मग २००० पर्यंत सहा टक्के वाढ होईल आणि वर्षाला चार लाख रोजगार निर्माण होतील, असा त्याचा हिशेब होता. तूट कमी झाली. ती वाढ आणि ते रोजगार आले नाहीत. कापड आणि तयार कपड्यांवरचे आयात शुल्क तर जागतिक करारात मान्य केलेल्या मुदतीपेक्षाही लवकर उतरवले गेले. कमी शिकलेल्या बायकांना नियमित पगार देणाऱ्या त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मुंबईच्या गिरणगावाची राख पाहिलेल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कळसाचे काम मात्र जोरात चालले होते. १९९३ मध्ये, निवडणुकीच्याही आधी, मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीतला दहा टक्के हिस्सा कृष्णवर्णीय गुंतवणूकदारांच्या गटाला विकला गेला. विकणारी कंपनी होती सानलाम. तीस वर्षांपूर्वी अँग्लोने आफ्रिकानरांसाठी दार उघडले होते. आता आफ्रिकानरांची कंपनी दुसऱ्यांसाठी तेच करत होती. पुढे २००२ च्या खाण सनदेने दहा वर्षांत २६ टक्के मालकी वंचितांकडे देण्याचे लक्ष्य ठेवले आणि २००३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा व्यापक कायदा झाला. या व्यवहारांत बहुतेकदा विकत घेणाऱ्याकडे स्वतःचा पैसा नव्हता. शेअर कर्जावर घ्यायचे, लाभांशातून कर्ज फेडायचे. त्यासाठी सत्तेच्या जवळचा माणूस भागीदार म्हणून सोयीचा ठरे. कारखाना नवा उभा राहत नव्हता; आहे त्याच कारखान्याच्या कागदावरची नावे बदलत होती. रस्त्यावरच्या बेकार तरुणाला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न विचारायला पक्षाला फार उशीर झाला.

१६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे पोलिसांनी संपावरच्या ३४ खाणकामगारांना गोळ्या घालून ठार केले. दगडात छिद्रे पाडणारे ते कामगार महिना साडेबारा हजार रँड मागत होते. प्लॅटिनमची ती खाण लॉनमिन कंपनीची होती आणि तिच्या संचालक मंडळावर सिरिल रामाफोसा होते. १९८२ मध्ये खाणकामगारांची राष्ट्रीय संघटना उभी करणारे आणि १९८७ चा प्रचंड संप चालवणारे हेच रामाफोसा. २०१८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. चौकशी आयोगाने त्यांना या हत्याकांडासाठी जबाबदार धरले नाही, आणि एका व्यक्तीला दोषी ठरवून माझा मुद्दा पुढेही जात नाही. मालकीच्या टेबलाभोवतीचे चेहरे बदलले. खाणीच्या तळाशी छिद्रे पाडणारा माणूस होता तिथेच राहिला. त्याच्या गावची जमीन परत आली नव्हती. तीस टक्के शेतजमिनीच्या फेरवाटपाची १९९९ ची मुदत २०१४ पर्यंत पुढे ढकलली, तीही हुकली. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडेच होती.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही तुलनाच अन्यायाची आहे. मूठभर गोऱ्यांना वर काढले ते बहुसंख्यांना खाली दाबून. तो पैसा त्याच खाणमजुरांच्या न वाढलेल्या मजुरीतून आला. एएनसीला देशातल्या पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांना वर काढायचे होते आणि त्यासाठी लुटायला कोणी नव्हते, लुटायचेही नव्हते. हे पूर्ण खरे आहे. त्या राजवटीची साधने कोणाही सभ्य सरकारला वापरता येणार नाहीत. पण साधने त्याज्य म्हणून क्रमातला धडा खोटा ठरत नाही. उलट जिथे उचलायची माणसे कित्येक पटींनी जास्त आणि पैसा तोकडा, तिथे तो आधी शाळेत आणि रोजगारात घालण्याची निकड वाढते.

दुसरा आक्षेप रिकाम्या तिजोरीचा. १९९० ते १९९२ या तिन्ही वर्षी अर्थव्यवस्था आक्रसली होती, आणि १९८५ मध्ये परदेशी बँकांनी हात आखडल्याने कर्जफेड थांबवण्याची वेळ आली होती. नव्या सरकारचे हात बांधलेले होते, हे मान्य. तरीही त्या सरकारने तीस लाखांहून अधिक घरे बांधली, वीज आणि पाणी कोट्यवधींपर्यंत नेले, आणि आज एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक लोकांना सरकारी अनुदान मिळते. हे काम मोठे आहे. ते नाकारणाऱ्याचा मला राग येतो. परंतु अनुदानाने भूक शमते, बचत उभी राहत नाही. शिवाय २००४ ते २००७ या काळात विकासदर पाच टक्क्यांच्या आसपास होता आणि तिजोरी सुधारली होती. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या काळात सरकारी कंपन्या कशा पोखरल्या गेल्या, याची साक्ष झोंडो आयोगाच्या अहवालात आहे. तो दोष दारिद्र्याच्या वारशावर टाकता येणार नाही.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: वंशाचा हिशेबच सोडा, सगळ्यांना सारखी संधी द्या, बाजार बाकीचे पाहील. २०२४ मध्ये कृष्णवर्णीयांतली बेकारी ३६ टक्क्यांच्या वर होती आणि गोऱ्यांतली आठ टक्क्यांच्या आसपास. ज्या बाजाराची भाडेपट्टी, शाळा, वस्त्या आणि ओळखीपाळखी शतकभर वंशावर बेतल्या गेल्या, तो वंश विसरला असे समजणे भाबडेपणाचे आहे. हिशेब ठेवलाच पाहिजे. तो संचालकांच्या खुर्च्यांऐवजी वर्गखोल्यांत आणि कामाच्या जागी ठेवायला हवा. द्वेषाच्या भाषणाविरुद्धचे कायदेही हवेत, आणि २०२४ चा द्वेषगुन्ह्यांचा कायदा मी योग्यच मानतो. पण बेकार वस्तीतल्या माणसाचा अपमान रोज सकाळी कामाशिवाय सुरू होतो, तिथे हा कायदा पोहोचत नाही.

मे २०२४ च्या निवडणुकीत एएनसीला ४०.१८ टक्के मते मिळाली. २००४ मध्ये ती जवळजवळ सत्तर टक्के होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच बहुमत गेले आणि डेमोक्रॅटिक अलायन्ससह इतर पक्षांना सोबत घेऊन सरकार बनवावे लागले. नव्या सरकारच्या कामांच्या यादीतही वंशद्वेष आहे आणि विकासदरही. पायाचा हिशेब मात्र शाळेत लागतो. फरवूर्टच्या शाळा मोडल्यावर १९९७ मध्ये घाईने आणलेला अभ्यासक्रम तेरा वर्षांनी सोडून द्यावा लागला, आणि दरम्यान शिक्षकांची प्रशिक्षण महाविद्यालये एक तर बंद झाली किंवा विद्यापीठांत विलीन झाली. आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत २०१६ मध्ये, म्हणजे करोनाच्या आधी, चौथीतल्या शंभरपैकी ७८ मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ लागत नव्हता. २०२१ मध्ये ही संख्या ८१ झाली. ही मुले २०११ च्या आसपास जन्मलेली आहेत, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर सतरा वर्षांनी.