वऱ्हाडचा कापूस, लँकेशायरचं कापड



काही देश श्रीमंत आणि काही गरीब का, हा प्रश्न इथे ब्रिटनमध्ये वाढणारी आपली मुलं कधी ना कधी विचारतातच. ‘तिकडे लोकसंख्या फार’, ‘तिकडे भ्रष्टाचार फार’ असं काहीतरी सांगून आपण वेळ मारून नेतो. आज या प्रश्नाचं उत्तर कापसाच्या गोष्टीतून शोधू या.

अठराव्या शतकात हिंदुस्थानचं सुती कापड जगभर जात होतं. इंग्लंडमध्ये तर ते इतकं खपू लागलं की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली. शेवटी १७२१ साली पार्लमेंटने छापील सुती कापड वापरायलाच बंदी घातली. या आडोशाला इंग्लंडचा स्वतःचा धंदा वाढला. पुढे सूतकताईची यंत्रं आली आणि एक कामगार अनेक चरख्यांचं काम करू लागला. यंत्रांची ही करामत खरीच होती. इतिहासकार पॉल बैरोक यांच्या अंदाजाप्रमाणे १७५० साली जगातल्या तयार मालाचा जवळपास चौथा हिस्सा हिंदुस्थानात बनत होता. १८८० साली तो ३ टक्क्यांच्याही खाली आला.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ साली इंग्रजांनी कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस येईना आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले भलेभले व्यापारी बुडाले. वऱ्हाडची शेती मात्र कापसाकडे वळली ती वळलीच. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या आणि विलायती कापड गावोगावच्या बाजारात येऊ लागलं. कोष्ट्यांचे माग मागे पडले. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच वऱ्हाडात माणसं अन्नान्न करत मेली. धान्य आणायला रेल्वे होती, पण ते विकत घ्यायला गरिबाच्या हाती पैसा नव्हता.

मग आपल्याकडे गिरण्या निघाल्या नाहीत का? निघाल्या की! मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५६ साली सुरू झाली, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली. पण मँचेस्टरच्या दबावाखाली सरकारने १८८२ साली विलायती कापडावरची जकात काढून टाकली. तिजोरीत खडखडाट झाल्यावर ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के कर लावला! हा देशी कापडावरचा कर पुरता उठायला १९२६ साल उजाडलं. त्या काळात अमेरिका आणि जर्मनी आपल्या कारखान्यांभोवती जकातीचं कुंपण घालत होत्या. त्यांना तो अधिकार होता, आपल्याला नव्हता.

हे ओळखणारी माणसं आपल्याकडे होती. हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर वाहते, याचा हिशेब दादाभाई नौरोजींनी मांडला. १८९२ साली लंडनमधूनच निवडून येऊन ते पार्लमेंटमध्ये बसले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली लंडनला येऊन वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते.

सगळं खापर इंग्रजांच्या माथी फोडूनही चालणार नाही. जातीमुळे शिक्षणाला मुकलेली माणसं, सावकारी, आपल्याच राज्यकर्त्यांच्या चुका, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं. आणि ही गोष्ट संपलेलीही नाही. २००३ साली कानकुनच्या जागतिक व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या गरीब आफ्रिकी देशांची तक्रार हीच होती: श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना अनुदान देतात, त्याने जगात कापसाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो.

तेव्हा मुलांनी विचारलं, तर त्यांना शर्टाची गोष्ट सांगा. कापूस कुणी पिकवला, कापड कुणी विणलं आणि व्यापाराचे नियम कुणी लिहिले, हे त्यांनाच शोधायला लावा. गरिबी कुणाच्या कपाळावर लिहून येत नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगेल.