किल्लारी, लोणार आणि आभाळातले धोंडे

२०२५ च्या फेब्रुवारीत लातूरला मामांकडे गेलो होतो. टीव्हीवर बातमी चालू होती. '२०२४ वायआर४' नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली होती आणि तो जिथे पडू शकतो त्या पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. मामा म्हणाले, "आभाळातले धोंडे मोजायला पैसा हाय, अन् आमच्या नळाला पाणी आणायला न्हाई."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला अवकाशाच्या गप्पा कशा सांगायच्या? काही दिवसांतच ती शक्यता जवळपास शून्यावर आली आणि बातमी विरली. मामांचं बोलणं मात्र डोक्यातून गेलं नाही. कारण मामांचं मूळ गाव किल्लारीजवळचं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी तेव्हा नांदेडला सातवीत होतो, आमची फक्त भांडी वाजली. तिकडे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मृतांचे आकडे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितले जातात. त्यात आमची मामीही होती.

किल्लारीला १९९२ च्या ऑगस्टपासूनच धक्के बसत होते. ऑक्टोबरात जरा मोठा बसला, लोक घराबाहेर झोपू लागले. पुढे धक्के कमी झाले आणि लोक घरात परतले. पुष्कळजण म्हणतात, इशारा होता, कुणी ऐकला नाही. पण लहान धक्क्यांवरून मोठा येणार की नाही हे तेव्हा कुठल्याच शास्त्रज्ञाला सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. चूक होती ती नकाशाची. भूकंपाच्या नकाशात हा भाग 'झोन एक'मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. त्यामुळे भिंतींचा विचार कुणी केलाच नाही. २००२ साली नकाशा बदलला आणि तो झोनच काढून टाकला. दहा हजार माणसं गेल्यावर सुचलेलं शहाणपण!

"कधी झालं नाही" आणि "आपल्याला माहीत नाही" यांत आपण अशी गल्लत करतो. लोणारचंच बघा. मराठवाड्याच्या सीमेलगत, बुलढाणा जिल्ह्यात, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं बहुतेक जाणकार त्याला ज्वालामुखीचंच काम समजत होते. १९७३ मध्ये तिथल्या खडकांत प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडली आणि हा आभाळातून आलेल्या धोंड्याचा खड्डा आहे हे पक्कं झालं. वय आधी पन्नास हजार वर्षं मानत, नंतरच्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात निघालं. म्हणजे अशा घटना फार विरळ, हे मामांच्या बाजूने मान्यच करायला हवं.

पण भूकंप आणि लघुग्रह यांत एक मोठा फरक आहे. लघुग्रह एकदा नीट दिसला की त्याची वाट गणिताने पुढची कित्येक वर्षं सांगता येते. अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आणि आदळणार नाही, हे आजच माहीत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये 'डार्ट' यानाने डायमॉर्फसला धडक देऊन त्याची फेरी सुमारे अर्ध्या तासाने कमी केली. म्हणजे धोंडा ढकलताही येतो. पण आधी तो दिसला पाहिजे. १४० मीटरहून मोठे असे नव्वद टक्के लघुग्रह २०२० पर्यंत शोधायचे, असा कायदा अमेरिकेने २००५ मध्ये केला होता. आजवर त्यातले निम्म्यांच्या आसपासच सापडलेत. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला जेमतेम वीस मीटरचा होता. तो सूर्याच्या दिशेने आला, कुणाला दिसला नाही, आणि दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली.

आता पैशाचं. डार्ट मोहिमेला सुमारे ३२ कोटी डॉलर लागले. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं एकट्याचं कर्ज, त्या काळच्या किमतीत, सुमारे साडेचोवीस कोटी डॉलर होतं. एका भूकंपाचे ढिगारे उपसणं आणि धोंडा वळवायला शिकणं, दोन्हींचा खर्च एकाच पंगतीतला निघाला. आपण लगेच यान सोडावं असं मी म्हणत नाही. लडाखात हॅन्लेला दुर्बिणी आहेत, तिथून लघुग्रहांचा माग काढता येतो. अशा कामाला दरवर्षी थोडा पण न चुकता पैसा द्यावा, एवढंच माझं म्हणणं. लातूरचं पाणी त्यावाचून अडलेलं नाही, ते अडलंय आपल्याच नियोजनात.

हे सगळं पुढच्या खेपेला मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "किती आधी कळतं म्हणलास?"

"नीट बघितलं तर दहा-वीस वर्षं."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमाला येक रात पुरली असती रं."